दोह्यातला बर्फाचा डोंगर

दोह्यात आजही एखादा नवखा माणूस बोटीतून उतरला, की आठवड्याच्या आत कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून त्याला सांगतो, "ते बघ, बर्फवाले नसरुद्दीन." सांगणारा सांगून हसतो, ऐकणारा काही न कळता हसतो, आणि मी, तेल कंपनीचा हेड स्टोअरकीपर, हातात वांग्याची पिशवी घेऊन भर सूकमध्ये, म्हणजे इथल्या बाजारात, लाल होतो. म्हणून एकदा काय घडलं ते सगळं सांगून टाकतो. ऐकून झाल्यावर ज्याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं, पण त्याआधी यात माझं नेमकं काय चुकलं ते मला सांगावं.

त्रेसष्ट सालचा जानेवारी होता. आम्ही सूकच्या मागे एका मातीच्या घरात राहत होतो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको खतिजा, आणि पलीकडच्या खोलीत मुरूडचा जाफर आणि त्याची बायको मैमुना. खोल्या दोन आणि स्वयंपाकघर एक. जाफर माझ्याच कंपनीत टाइमकीपर, माणूस तसा वाईट नाही. पण आम्ही रत्नागिरीचे. आमच्या कालवणात आमसूल पडतं, मैमुनाच्या कालवणात चिंच पडते. एकाच स्टोव्हवर ही दोन कालवणं पाळीपाळीने शिजायची आणि ज्या दिवशी ज्याची पाळी नसेल त्या घरात त्या दिवशी तोंडं फुगलेली असायची. एकदा मैमुनाने चांगुलपणाने, खतिजा नमाजला बसलेली असताना तिच्या टोपात चिंचेचा कोळ घातला. त्यानंतर दोघी पंधरवडाभर भिंतीशी बोलत होत्या.

"अवो," खतिजा मला रोज म्हणायची, "मना सोना नको, साडी नको. मना माझी एक चूल पायजे. जिच्यावर दुसरा कुणी हात लावणार नाय अशी."

आणि ती चूल समोर दिसत होती. साहेबांच्या गल्लीच्या टोकाला सात नंबरचं क्वार्टर रिकामं झालं होतं. दोन खोल्या, नळ, कंपनीचा फ्रिज, आणि स्वयंपाकघर एकट्याचं. तिथे आजवर आपल्या माणसाला जागा मिळालेली नव्हती, पण हेड स्टोअरकीपरला ती देता येते असं नियमात होतं. द्यायची की नाही ते व्हिटकर साहेबाच्या मर्जीवर होतं. साहेब आमचा खात्याचा मुख्य. उंच, गुलाबी, आणि मनात काय आहे ते चेहऱ्यावर न दाखवणारा.

एके दिवशी त्याने मला आत बोलावलं. टेबलावर दोन लांबलचक फळ्या पडल्या होत्या, पुढून वर वळलेल्या. मला वाटलं, होडीचा काही भाग आहे. साहेब म्हणाला, "नसरुद्दीन, ह्या स्की." मग त्याने मला समजावलं की विलायतेतले लोक दर हिवाळ्यात स्वित्झर्लंड नावाच्या देशात जातात, तिथे बर्फाच्या डोंगरावर चढतात, ह्या फळ्या पायाला बांधतात आणि खाली घसरतात. मी विचारलं, "मग, सर?" साहेब म्हणाला, "मग पुन्हा वर चढतात." मी मान हलवली. साहेबाशी वाद घालायची माझी पद्धत नाही. पण घसरायचंच होतं तर चढले कशाला, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे आणि त्याचं समाधान अजून कोणी केलेलं नाही.

मुद्दा असा होता की साहेबाची मेमसाहेब दर वर्षी त्या डोंगरावर जायची. यंदा साहेबाला रजा मिळाली नाही म्हणून डोंगर सोडून ती दोह्याला आली होती आणि आल्यापासून खिडकीत बसून सपाट वाळूकडे बघत होती. तिचा वाढदिवस येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी. साहेबाने ठरवलं होतं की क्लबच्या मागे एक छोटा डोंगर करायचा, त्यावर बर्फ घालायचा आणि तिला चकित करायचं.

"स्टोअर तुझ्याकडे आहे," साहेब म्हणाला. "तू करशील."

मी अख्ख्या कतारमध्ये डोंगर पाहिलेला नाही. आमच्याकडे उंच म्हणजे उंट. बर्फ मी पाहिलेला तो सरबताच्या पेल्यात. तरी मी "येस सर" म्हणालो, कारण लगेच साहेबाने सात नंबरचा विषय काढला. "तुझं नाव माझ्या डोक्यात आहे," तो म्हणाला. "गल्लीतल्या लोकांची एकच शंका आहे. वास. तुमच्याकडे मासळी शिजते असं म्हणतात."

माझ्या डोळ्यांपुढे खतिजाचा चेहरा आला. आणि मी सांगून टाकलं, की सर, आमच्या घरी मासळी फारशी चालत नाही. 'फारशी' मी जरा हळू म्हणालो, पण म्हणालो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

घरी येऊन मी बर्फाचं सांगितलं, मासळीचं नाही सांगितलं. खतिजाने भाकर थापता थापता विचारलं, "बाई डोंगरावरना खाली पडणार, नि त्याचा आमाला घर मिळणार?" मी म्हटलं, हो. "मग पडू दे बिचारीला. हौस हय तिची."

सल्ला मात्र मला शेजारच्या खोलीतून न मागता मिळू लागला. जाफर एकदा कराचीला गेला होता आणि तिथे त्याने बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर पाहिलं होतं, त्यामुळे या विषयातला सगळा अधिकार त्याच्याकडे आला. "नसरुद्दीनभाय, बर्फ कशाला पायजे? किनाऱ्यावर मीठ पडलाय ढिगानं. लॉरी भरून आणा, पसरा, खलास." मी आणलं. कंपनीच्या लॉरीतून मीठ आणून एका फळीवर पसरलं आणि त्यावरून घसरून बघायचा आग्रह जाफरनेच धरला. मी पेटीचं झाकण घेऊन त्यावर बसलो आणि जागच्या जागी बसून राहिलो. मागून जाफरने ढकललं तेव्हा झाकण राहिलं आणि मी गेलो. तळहात सोलवटलेले आणि त्यांना मीठ लागलेलं, अशा अवस्थेत मी घरी आलो. मैमुनाने तांदळाचं पीठ सुचवलं. खतिजा म्हणाली, माझ्या पिठाला हात लावून बघा. हे सगळं मी कोणासाठी सहन करत होतो? ज्यांना माझ्या हाताला फुंकर घालायचंसुद्धा सुचलं नाही, त्यांच्यासाठी.

डोंगर बांधायला मी अब्बासला घेतलं. अब्बास जयगडचा सुतार, अंगात कसब भरपूर, पण त्याने जन्मात गलबताखेरीज काही बांधलेलं नव्हतं. त्याला मी चित्र काढून दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "इन्शाल्ला." चार दिवसांनी क्लबच्या मागे जाऊन बघतो तर उतरती घसरण उभी होती खरी, वाळूच्या ढिगावर पक्की टेकवलेली, पण तिला मधोमध कणा होता, दोन्ही बाजूंना फुगवटा होता आणि वरचं टोक निमुळतं करून नाळ काढलेली होती. म्हणजे अर्धं गलबत पालथं घालून ठेवलं होतं. मी ओरडलो, तर अब्बासच उलट रागावला. "नसरुद्दीनभाय, पाणी लागला तरी थेंब आत जाणार नाय, ही माझी गॅरंटी!" घसरणीला पाणी आत जाण्याशी काय करायचंय? पण वेळ नव्हता. कण्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या गोणी भरून वर ताडपत्री ओढली आणि मी स्वतःची समजूत घातली.

मधेच चीजचं प्रकरण झालं. ते सांगायला माझी जीभ वळत नाही, पण सांगतो. पार्टीसाठी साहेबाने स्वित्झर्लंडहून विमानाने एक खोकं मागवलं होतं. ते माझ्या स्टोअरमध्ये येऊन पडलं, मला कोणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टोअर उघडलं तर आत पाय ठेववेना. मला वाटलं, उंदीर मेला. दिवसभर माणसं लावून सगळं सामान बाहेर काढलं, फिनाइल ओतलं, पाइपांच्या मागे शोधलं. शेवटी वास त्या खोक्यातून येतोय असं कळलं. मला साहेबाचं वाईट वाटलं. एवढ्या लांबून मागवलेलं खाणं वाटेत नासलं! त्याला तो प्रसंग बघायला लागू नये म्हणून मी गॅरेजमागे खोल खड्डा खणवला आणि ते सगळं पुरून टाकलं. कुत्री उकरतील म्हणून वर दगड ठेवला.

साहेबाला कळलं तेव्हा त्याचा गुलाबी चेहरा पांढरा झाला. तो स्वतः फावडं घेऊन गॅरेजमागे गेला. एक एक गोळा बाहेर काढून आपल्या रुमालाने वाळू पुसली, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. "नसरुद्दीन," तो म्हणाला, "डोंगराचा वास असा असतो." मी श्वास रोखून उभा होतो म्हणून उत्तर दिलं नाही. हा माणूस आमच्या मासळीच्या वासाची काळजी करत होता!

आता राहिला बर्फ. दोह्यात बर्फखाना एकच मोठा, आणि तिथला मॅनेजर नियमाचा माणूस. त्याने सांगितलं, बर्फ आधी मासळीला, मग दवाखान्याला, मग पिण्याला. मी म्हटलं, मला खेळायला पाहिजे. तो म्हणाला, खेळाला बर्फ देता येत नाही, बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची, परवानगी आणा. बलदियातल्या कारकुनाने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे बाई मुद्दाम घसरणार?" "हो." "मग दवाखान्याच्या वाट्यातून घ्या. पण त्याला आधी पाय मोडलेला दाखवावा लागेल." मी परत बर्फखान्यात आलो. साहेबाचं नाव सांगता येत नव्हतं, कारण मेमसाहेबाला चकित करायचं होतं आणि दोह्यात एका माणसाला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या दुखानला पोचते. मॅनेजर म्हणाला, "भाई, मैं मछलीको देता हूँ. तुम मछली है?"

सुशिक्षित माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं!

तेव्हा मला जहूर आठवला. जहूर दाभोळचा, किनाऱ्यावर मासळीचा मोठा व्यापारी, बर्फखान्यातला सगळ्यात मोठा वाटा त्याचा. मी त्याला गाठलं. तो हात चोळत म्हणाला, "नसरुद्दीनभाय, तुमाला नाय म्हणवत नाय. पण शुक्रवारी माझी सुरमई दुखानच्या कॅम्पला जाते. दुपारी असरच्या नमाजनंतर लॉरी सुटते. तवर ती बर्फात नाय ठेवली तर मी काय तिला वारा घालत बसू?"

समोर सुरमई बर्फात पडली होती. वर बर्फ, खाली मासळी. मी बघत राहिलो, आणि मला सुचलं. सुचलं म्हणून मला दोष देतात. पण विचार करा. बर्फ घसरणीवर पसरायचाच आहे. बर्फाच्या वर मेमसाहेब जाणार आहे. बर्फाच्या खाली काय आहे याच्याशी तिचा काय संबंध? मासळी थंड राहील, डोंगर पांढरा दिसेल, असरला कार्यक्रम आटपला की सुरमई काढून लॉरीत. जहूरने माझा हात हातात घेतला. "डोका हय तुमाला," तो म्हणाला. त्या आठवड्यात माझ्याशी कोणी चांगलं बोललं असेल तर तो एकटा जहूर.

आणि मी ते काम निष्काळजीपणे केलं असंही नाही. जहूर म्हणत होता, थोडे हमूर मासेही घाला. मी साफ नकार दिला. हमूरला खवलं असतात, वर काट्यांचा पर असतो, फळी अडकली तर बाईचं काय होईल? सुरमईचं अंग चोपडं. तीही कशी मांडली? कौलांसारखी एकावर एक, तोंड वर आणि शेपटी खाली, म्हणजे वरून येणाऱ्याला काही आडवं येणार नाही. शुक्रवारी सकाळी मी, जहूर आणि अब्बास तिघांनी मिळून मांडली. वर वीतभर चुरलेला बर्फ थापला, त्यावर गोणपाट. लांबून बघितलं तर खरोखर जाफरचं कॅलेंडर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग आम्ही जुम्म्याच्या नमाजला गेलो.

परत येऊन बघतो तर गोणपाटावर मांजरं. दोह्यातली एकूण एक मांजरं तिथे ओळीने बसली होती, अगदी शिस्तीत, एखाद्या लग्नाच्या वलिम्याला ताटाची वाट बघत बसावं तशी. अब्बासने हाकलली की ती उठून मागे जायची आणि तो वळला की पुन्हा येऊन बसायची. वर समुद्रपक्षी घिरट्या घालत होते. साहेबलोक यायला लागले होते. लोकरीच्या टोप्या, गळपट्टे, एकाने तर दोरीचं वेटोळं खांद्यावर घेतलं होतं. तिकडे टेबलावर चीजचं पातेलं स्पिरिटच्या दिव्यावर चढलं होतं. त्यात पावाचे तुकडे बुडवून खातात. मी पातेल्यापासून सरकत सरकत दहा हातांवर जाऊन उभा राहिलो. आणि हे लोक त्यावर वाकून, नाकपुड्या फुगवून, "आहा" करत होते.

तेवढ्यात एका मडमेने रुमाल नाकाला लावला. मग दुसरीने. साहेब माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "नसरुद्दीन, हा वास कसला?"

मी हवेत नाक वर केलं. चीज सोडलं तर मला काहीही आलं नाही. मी खरं सांगतो, काहीही नाही. समुद्रकिनारी जन्मलेल्या माणसाला ह्यात वास कुठून येणार? ती हवा होती. साधी, घरची हवा.

"वास?" मी म्हणालो. "कसला वास, सर?"

मग आम्ही गोणपाट ओढून काढलं आणि मेमसाहेबाला डोळे बांधून आणलं. रुमाल काढला आणि तिने डोंगर बघितला. दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि तिचे डोळे भरून आले. व्हिटकर साहेबाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा मनातलं काहीतरी बघितलं. मलाही फार बरं वाटलं. म्हटलं, मिळालं सात नंबर.

ती वर चढली, फळ्या बांधल्या आणि खाली आली. काय सुंदर आली! गुडघे वाकवून, सरळ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदाही आली. मग सगळ्यांनाच चेव आला. ज्याच्याकडे स्की नव्हत्या तो ट्रेवर बसून येऊ लागला. मी दोनदा साहेबाला सांगितलं की सर, असर होत आली, आता पुरे. मागे जहूरची लॉरी भोंगा वाजवत होती. ऊन उतरतं झालं होतं, पण दोह्याचं ऊन ते, वीतभर बर्फाचा बोटभर झाला होता. मेमसाहेब म्हणाली, "शेवटचं एकदा, दोघं मिळून."

दोघं नवरा-बायको हात धरून निघाले. मध्यावर बर्फ सरकला आणि खालून चंदेरी काहीतरी चमकलं. त्यानंतर त्यांच्या पायांखाली बर्फ नव्हताच. ती दोघं सुरमईवरून येत होती. आणि मी अभिमानाने सांगतो, बर्फावरून आली त्याच्या दुप्पट वेगाने आली. शेपट्या वर असत्या तर तिथेच तोंडावर आपटली असती! माझ्या मांडणीमुळे ती घसरणीच्या टोकावरही थांबली नाहीत, वाळूवरून तशीच पुढे गेली. मागोमाग सगळी सुरमई सुटली. साहेबाची एक फळी टेबलाच्या पायात गेली, टेबल आडवं झालं, चीजचं पातेलं वाळूत पडलं. वरून पक्षी उतरले. मांजरांनी इतका वेळ पाळलेली शिस्त सोडली. जहूर "माझी सुरमई! माझी सुरमई!" करत साहेबांच्या गर्दीत शिरला आणि मडमांच्या पायांतून मासळी गोळा करू लागला.

सगळं शांत झालं तेव्हा मेमसाहेब वाळूत बसलेली होती आणि तिच्या मांडीवर हातभर लांब सुरमई होती. मला वाटलं, आता रडेल. ती हसत होती. इतकी हसत होती की तिला उठता येईना. शेवटी तिने मला विचारलं, "नसरुद्दीन, हे खातात का?"

खातात का! आठवडाभर मी काय काय गिळलं होतं. मीठ, बलदिया, मांजरं, ते चीज. पण सुरमईविषयी असा प्रश्न मला सहन होईना. मी तिथेच उभा राहून सांगायला लागलो. तुकडी किती जाड कापावी, हळद-मीठ लावून किती वेळ ठेवावी, आमसुलाचं आगळ कधी, लाल मसाला कधी, तांदळाच्या पिठात घोळवून कडेने तेल कसं सोडावं, आणि डोक्याचं कालवण दुसऱ्या दिवशी कसं जास्त लागतं. हेही सांगितलं की त्यात चिंच घालणाऱ्यांचं काही खरं नाही. लोक भोवती जमून ऐकत होते. माझं बोलणं संपलं तेव्हा व्हिटकर साहेब समोर उभा होता, डोक्यावर बर्फ, खांद्यावर एक खवलं नसलेली शेपटी.

"तुझ्या घरी मासळी चालत नाही ना?" तो म्हणाला.

"फारशी, सर," मी म्हणालो. पण कोणी ऐकलं नाही.

ज्या सुरमईवरून लोक गेले होते ती जहूर कॅम्पला पाठवू शकत नव्हता. मेमसाहेबाच्या हुकमाने ती गाडीत घालून माझ्या घरी गेली. खतिजा आणि मैमुना दोघींनी एका स्टोव्हवर तळली, आणि परातीच्या पराती क्लबवर आल्या. नाकाला रुमाल लावणाऱ्यांनी तोच रुमाल मांडीवर पसरला आणि बोटं चाटून खाल्लं. एकाने मला विचारलं, अजून आहे का. मला वाटलं, झालं गेलं विसरले.

शनिवारी साहेबाने बोलावून सांगितलं की गल्लीतल्या लोकांनी विचार केला. सात नंबर मला देता येत नाही. वासामुळे.

मी बाहेर आलो तेव्हा माझे कान तापले होते. ज्यांच्या दाढीला मसाला लागला होता त्यांनी असा विचार केला! घरी येऊन मी खतिजाला सगळं सांगितलं, आणि संतापाच्या भरात मी साहेबाला काय शब्द दिला होता तेही सांगून बसलो. ती भाकर परतत होती. तिने तवा खाली उतरवला.

"म्हंजे मना घर मिळणार होता, नि त्यात म्हावरा शिजणार नव्हता?" तिने विचारलं. "मग त्या चुलीवर मी काय करणार होते, तुमची टोपी उकळणार होते?"

पुढचे काही दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मैमुनाशी बोलली. दोघी एकत्र बसून माझ्याकडे बघत बोलायच्या. आमसूल आणि चिंच यांची अशी दोस्ती मी कधी पाहिली नव्हती, आणि तिचं श्रेय मला कोणी दिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी दारात गाडी थांबली. मेमसाहेब उतरली, हातात रिकामी थाळी. गल्लीतल्या सगळ्यांना त्या मासळीची फार आठवण येते, असं म्हणाली. मी धावत आत गेलो, कारण एवढा मान घराला कधी मिळाला नव्हता. खतिजा डोक्यावर ओढणी सारखी करत बाहेर आली, मेमसाहेबाला चटईवर बसवलं, चहा दिला. मग मला म्हणाली, "मी सांगत्ये तसाच सांगा हां. आपल्या मनाचा घालू नका. सांगा, आज चुलीवर मैमुनाची पाळी हय. माझी चूल नाय. ज्या दिवशी माझी चूल होईल, त्या दिवशी तिने थाळी घेऊन यावा, नि गल्लीला घेऊन यावा."

मी घाबरत घाबरत तसंच सांगितलं. मेमसाहेबाने खतिजाकडे बघितलं. खतिजाने तिच्याकडे बघितलं. ह्या बायकांना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण माझी त्यांना फारशी गरजही नव्हती असं मला तेव्हा वाटलं. मेमसाहेब चहा संपवून उठली आणि अरबीत आभार मानत "शुक्रन" म्हणून गेली. रविवारी सकाळी सात नंबरची किल्ली माझ्या टेबलावर होती. त्या दोघा नवरा-बायकोत शनिवारी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. साहेबाचा चेहरा दिवसभर पांढरा होता एवढं मी बघितलं.

ज्या दिवशी खतिजाने सात नंबरमध्ये पहिली सुरमई तव्यावर टाकली त्या दिवशी ती गात होती. मला बघून थांबली, मग पुन्हा गायला लागली. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकत राहिलो. इथे ही हकीकत संपायला हरकत नव्हती.

पण मेमसाहेब आणि खतिजा यांची गट्टी जमली. साहेबाच्या गोव्याच्या कुकने ते चीज आपल्या स्वयंपाकघरात ठेवायला नकार दिला होता, राजीनामा देईन म्हणाला. आणि आमच्याकडे मासळी रोज ताजी येत असल्याने आमचा फ्रिज रिकामा. तेव्हा स्वित्झर्लंडहून येणारं प्रत्येक खोकं थेट सात नंबरमध्ये यायला लागलं. मी खतिजाला म्हटलं, हे काय? तर ओढणीचा पदर नाकाला लावून म्हणते, "ऱ्हाऊ द्या. बिचारीला आपला डोंगर आठवतो." माझ्या घरात, माझ्या हक्काच्या क्वार्टरमध्ये, मला रात्री झोप येईना. जाफर भेटायला आला आणि उंबरठ्यावरूनच परत गेला. शेवटी माझ्यातला स्वाभिमान जागा झाला. मी कोट घातला, सरळ साहेबाच्या खोलीत गेलो आणि स्पष्ट सांगितलं की सर, मी तक्रार करायला आलो आहे, आमच्या घरात त्या वासाने राहवत नाही.

साहेबाने कागदांवरून मान वर केली. माझ्याकडे बघितलं. त्याला मनापासून आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

"वास?" तो म्हणाला. "कसला वास, नसरुद्दीन?"